घोडा, वकील आणि सैल लगाम

घोड्याला पळायला माणसाने शिकवलेले नाही. ते त्याला येतच होते. माणसाने शिकवले ते जागच्या जागी नाचायला. युरोपात याला ‘ड्रेसाज’ म्हणतात. आमच्या बँकेत हीच कला ‘तुमची फाईल पुढे गेली आहे’ या नावाने चालते.

आता नाच शिकवायचा तो गोंजारून की बडवून? इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने सांगून ठेवले, की रागाच्या भरात घोड्याच्या वाटेला जाऊ नका. चाबकाने नर्तकाचा नाच सुधारत नाही, तसा घोड्याचाही नाही. पण ऐकतो कोण! १५५० साली नेपल्सच्या ग्रिझोनेने ग्रंथ छापला, त्यात अडेल घोड्यावर एक जालीम उपाय आहे: काठीला जिवंत मांजर बांधून ते त्याच्या पायांमध्ये न्यावे. मांजराची बाजू ग्रंथात कुणीच मांडलेली नाही.

पुढे तेराव्या लुईचा अश्वगुरू प्लुव्हिनेल याने मार कमी आणि शाबासकी जास्त असा रस्ता धरला. त्याचे पुस्तक १६२३ साली, तो गेल्यावर निघाले. म्हणजे एक साधी गोष्ट पुन्हा उमगायला दोन हजार वर्षं!

बाजू मांडण्यावरून कोर्ट आठवले. घोड्याचा लगाम सैल झाला, तरी गरीब पक्षकाराचे तोंड बांधलेलेच होते. दावा पन्नासाचा आणि वकील शंभराचा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. अमेरिकेत क्लीव्हलंडला १९१३ साली छोट्या दाव्यांची वेगळी सोय झाली. १९२१ साली कॅलिफोर्नियाने तर अशा सुनावणीत वकिलाने पक्षकारातर्फे उभेच राहू नये, असे ठरवले. इंग्रज पडला सभ्य. त्याने १९७३ साली एवढेच सांगितले, की वकील खुशाल आणा, पण जिंकलात तरी त्याची फी समोरच्याकडून मिळायची नाही. आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदाराला स्वतःच उभे राहून बोलायची मुभा दिली.

छान झालं! पण वकील बाहेर गेला म्हणजे दोघे सारखे झाले का हो? कंपनीतर्फे येणारा गृहस्थ महिन्यातून चारदा येतो. कुठे थांबायचे, कुठे मान तुकवायची, सगळे त्याला पाठ. समोरच्या आजी मिक्सरची पावती पदराखाली धरून जन्मात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलेल्या. ‘बोला’ म्हटले की त्यांचे पाठ केलेले सगळे जागीच विरते.

इथे न्यायाधीशानेच प्लुव्हिनेल व्हायला हवे. दोन प्रश्न विचारावेत, पावती मागावी, दम खाऊ द्यावा. सौम्यपणा म्हणजे लगाम फेकून देणे नव्हे. तो हातात असून न हिसकणे. नाहीतर आजींचे ग्रिझोनेच्या मांजरासारखे व्हायचे: बाजू होती, मांडायला कुणी नव्हते.