हरीरा, गोळी आणि वजनकाटा

गेल्या हिवाळ्यात पुलगावला भाचीकडे गेलो होतो. बाळ अठरा दिवसांचे. 'मामू, दूध पुरत नाही असं सगळे म्हणतात,' म्हणत तिने उशीखालून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. डॉमपेरिडोन. शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीशिवाय. दोन दिवसांपासून छातीत धडधड होत होती. त्याच आठवड्यात स्तनाग्राला बुरशी झाली म्हणून एका डॉक्टरांनी फ्लुकोनॅझोल दिले होते. आधीच्या गोळीबद्दल त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

दूध वाढवण्याची खटपट जुनीच आहे. आमच्या नानीच्या हातचा हरीरा म्हणजे डिंक, खसखस, बदाम, सुंठ आणि तूप. शेजारच्या घरी अळिवाची खीर. चरकसंहितेत दूध आणणाऱ्या दहा वनस्पतींचा गण आहे. त्यात वाळा, साळी, साठी, दर्भ, कुश यांची मुळे येतात. आज ज्या शतावरीच्या पावडरी खपतात तिचे नाव त्या दहांत नाही. इब्न सीना (980–1037) 'अल-कानून'मध्ये दूध कमी असेल तर आधी कारण शोधायला सांगतो: पाजणारीचा आहार कमी पडतो का, तिची प्रकृती बिघडली आहे का. उपाय त्यानंतर. कुरआनच्या सूरह बकरातील 233वी आयत दोन वर्षे पाजण्याबद्दल बोलते आणि त्याच दमात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकते. आपण दोन वर्षे लक्षात ठेवली, पुढचे विसरलो.

डॉमपेरिडोनचा जन्म 1974 सालचा, बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत, मळमळ आणि उलटीवर औषध म्हणून. ते डोपामिनला अडवते, त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढते आणि दूधही वाढू शकते. म्हणजे दूध हा या औषधाचा दुष्परिणाम. आपण त्यालाच उपयोग केले. पण याच औषधाने हृदयाची लय बिघडू शकते. मोठ्या मात्रेची इंजेक्शने दिलेले काही रुग्ण दगावले आणि 1980च्या दशकात इंजेक्शन मागे घेतले गेले. जून 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दुधासाठी ते वापरू नका असा इशारा दिला. 2014 मध्ये युरोपने ते मळमळ-उलटीपुरतेच ठेवले: मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम, तेही सहसा आठवडाभर. फ्लुकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिनसोबत धोका वाढतो, कारण ही औषधे डॉमपेरिडोनला शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाहीत आणि स्वतःही हृदयाच्या लयीवर परिणाम करतात. कधीकधी दुधासाठी दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड ही दुसरी गोळी फार दिवस घेतली तर नैराश्य येऊ शकते, चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात.

डॉक्टर कधीच देत नाहीत असे नाही. थायरॉइडचा विकार, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे, या कारणांनी दूध खरोखर कमी येते. तिथे आधी कारणावर इलाज होतो. मग गोळी द्यायचीच असेल तर हृदयाची विचारपूस करून, गरज पडल्यास ईसीजी काढून.

बायकांना न तपासता संप्रेरकांची औषधे देण्याचा आपला इतिहास बरा नाही. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या 'ईपी फोर्ट'सारख्या गोळ्या गर्भ आहे की नाही हे पाहायला सर्रास दिल्या जात. 1982 मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1988 उजाडले तेव्हा कुठे मोठ्या मात्रेच्या या गोळ्या बंद झाल्या. त्या लढ्यात महिला संघटनांबरोबर 'मेडिको फ्रेंड सर्कल'चे डॉक्टर होते. आपल्या वर्ध्याचे अभय बंग याच वर्तुळातले. पुढे गडचिरोलीत त्यांनी आणि राणी बंग यांनी गावातल्या बाईच्या हाती नवजात बाळाची घरपोच काळजी दिली. 2011 पासून देशभरच्या आशाताई जे गृहभेटींचे काम करतात, त्याची मुळे तिथली. त्यांच्या पिशवीतला वजनकाटा मला गोळीपेक्षा मोलाचा वाटतो.

भाचीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. ईसीजी ठीक निघाला, गोळी थांबली. (फार दिवस मोठ्या मात्रेत घेतलेली गोळी मात्र एकदम सोडू नये, बेचैनी येते, झोप उडते.) दुसऱ्या दिवशी आशाताईंनी बाळाला झोळीत घातले. जन्माचे वजन 2 किलो 800 ग्रॅम, आता 3 किलो 150. दिवसाला सात-आठ वेळा लघवी. ताई म्हणाल्या, 'दूध कुठं कमी आहे? बाळ रडतं म्हणजे उपाशीच असतं का?'

दूध कमी नव्हतेच. कमी होती ती तिची झोप, आणि तिच्या शेजारी बसून 'तुझे बाळ नीट वाढते आहे' असे सांगणारे माणूस. रात्री बाळाला खांद्यावर घेऊन फिरवायचे काम आता जावईबापूंकडे आहे. हरीरा चालू आहे.