छिन्नमनस्कतेवरील औषधांचे मेंदूचित्रण : जपान

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया या आजारावर दिलेले औषध रुग्णाच्या मेंदूत किती आणि किती वेळ काम करते, हे चित्रणाने मोजण्याचे तंत्र. जपानमध्ये या संशोधनाचे प्रमुख केंद्र म्हणजे टोकियोजवळच्या चिबा शहरातील राष्ट्रीय किरणविज्ञान संस्था. ती 1957 मध्ये स्थापन झाली.

या आजारावरची बहुतेक औषधे डोपामाइन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या डी-2 ग्राहींवर बसून त्यांचे काम रोखतात. पेट स्कॅन या चित्रणासाठी याच ग्राहींना चिकटणारा रॅक्लोप्राइडसारखा रेणू घेतात, त्यात किरणोत्सर्गी कार्बन-11 गुंफतात आणि अत्यल्प मात्रेत शिरेतून देतात. औषधाने जितके ग्राही आधीच अडवलेले असतील, तितका हा रेणू कमी चिकटतो. त्या घटीवरून औषधाने व्यापलेल्या ग्राहींची टक्केवारी काढतात. कार्बन-11 सुमारे 20 मिनिटांत निम्मे उरते; म्हणून ते तयार करणारा सायक्लोट्रॉन, रसायनशाळा आणि स्कॅनर एकाच आवारात असावे लागतात. अशी सोय मोजक्याच ठिकाणी असते.

टक्केवारीचा हा हिशेब 1980 च्या दशकात स्टॉकहोममध्ये संशोधक लार्स फार्डे यांनी रूढ केला. साधारण 65 टक्क्यांच्या खाली गुण येण्याची शक्यता कमी, तर 80 टक्क्यांच्या आसपास आणि वर स्नायू ताठरणे, कंप सुटणे असे त्रास वाढतात. चिबातील संशोधकांनी हे मोजमाप जपानी रुग्णांत केले. पॅलिपेरिडोनच्या दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा 6 ते 9 मिलिग्रॅमचा डोस 70 ते 80 टक्के ग्राही व्यापतो, असा त्यांचा 2008 चा अंदाज आहे. जपानमध्येच विकसित झालेल्या ब्लोनानसेरिनचीही अशीच मोजणी झाली. पुढे त्याची त्वचेवर लावायची पट्टी आली, तेव्हा गोळीशी तिची तुलना करायलाही पेटच वापरले गेले. ही औषधे महाराष्ट्रातले डॉक्टरही लिहून देतात.

रिस्पेरिडोनसारख्या औषधांच्या अभ्यासातून निघालेला एक निष्कर्ष रुग्णाच्या रोजच्या जगण्याला भिडतो. औषध रक्तातून जितक्या वेगाने उतरते, तितक्या वेगाने ते ग्राहींवरून सुटत नाही. दिवसातून किती वेळा गोळी द्यायची, हे फक्त रक्तातील पातळी पाहून ठरवणे म्हणूनच अपुरे आहे.

जपानच्या संदर्भात या संशोधनाला आणखी मोल आहे. तेथे एकाच रुग्णाला अनेक मनोविकारविरोधी औषधे, तीही मोठ्या मात्रेत, देण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. डोस आणि व्याप यांचा आलेख मात्र वरच्या टोकाला सपाट होत जातो: ग्राही जवळजवळ भरले की वाढीव गोळ्यांनी व्याप फारसा वाढत नाही, त्रास वाढतो. मोठ्या डोसांविरुद्ध यापेक्षा थेट पुरावा क्वचितच मिळेल. सरकारने 2014 च्या वैद्यकीय दरपत्रकात अशा बहुऔषधी चिठ्ठ्यांवर मोबदला कापण्याची तरतूद केली.

औषधांच्या पलीकडे आजाराच्या मुळाशी जाण्याचे कामही चिबात झाले. योशिरो ओकुबो, तेत्सुया सुहारा आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये 'नेचर' नियतकालिकात, औषध न घेणाऱ्या रुग्णांच्या अग्रललाट भागात डी-1 ग्राही कमी आढळल्याचे मांडले. औषधाचा परिणाम आणि आजाराचा परिणाम वेगळे काढायचे, तर असेच रुग्ण लागतात आणि ते मिळणे फार अवघड असते. एमआरआयच्या अभ्यासांत ही अडचण कायम राहते. जपानमधील अनेक केंद्रांनी मिळून 2016 मध्ये मांडलेल्या मोजणीत 884 रुग्णांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग निरोगी व्यक्तींपेक्षा लहान, तर पॅलिडम मोठा दिसला. पण यांतले किती आजाराने आणि किती वर्षानुवर्षांच्या औषधांनी, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून सांगता येत नाही.

टक्केवारीचा नियमही सर्वांना लागू नाही. ओत्सुका कंपनीचे अॅरिपिप्राझोल ग्राहींना पूर्ण न रोखता अंशतः चालू ठेवते. अमेरिकेत निरोगी पुरुषांवर झालेल्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्याप 95 टक्क्यांपर्यंत गेला, तरी ताठरपणा दिसला नाही. उलट, काही रुग्णांत पुरेसे ग्राही व्यापूनही भास-भ्रम हटत नाहीत. त्यांच्यासाठी संशोधक डोपामाइनपलीकडे ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाकडे वळले आहेत. योकोहामा सिटी विद्यापीठातील ताकुया ताकाहाशी यांच्या गटाने 2020 मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतील ग्लुटामेटचे एएमपीए ग्राही दाखवणारा पेट रेणू प्रसिद्ध केला.