कौल, भाक आणि करार

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या दोन भागांस मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ अशी नावे रूढ आहेत. सुरतेच्या पांडेसरा भागात रंगाई-छपाईच्या कारखान्यांभोवती खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. येथील विद्यार्थ्यांस जगातील धर्मग्रंथांची ओळख करून देताना या नावांपाशी आम्हांस नेहमी थांबावे लागते. त्यांच्या कानांवर ‘करार’ हा शब्द पडतो तो मजुरीच्या किंवा घरभाड्याच्या संबंधात. इतके काम, इतका पैसा. अट मोडली की करार संपला. ईश्वराने मनुष्याशी असाच व्यवहार केला काय, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्यास गैर कसे म्हणावे?

मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’ हा होय. त्याच्याबरोबर ‘कापणे’ हे क्रियापद येते, आणि त्याचे कारण उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात दिसते. वचनबद्ध होणाऱ्यांनी कापलेल्या पशूंच्या दोन भागांमधून चालत जावे, असा प्राचीन पश्चिम आशियातील प्रघात होता. वचन मोडले तर आपलीही हीच गत होवो, असा त्याचा आशय. अब्राहामाच्या कथेत मात्र अब्राहामास गाढ निद्रा लागलेली आहे, आणि त्या भागांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल एवढीच जातात. ती ईश्वराच्या सान्निध्याची चिन्हे होत. म्हणजे बांधला जातो तो वचन देणारा. ज्याला वचन मिळाले तो झोपलेला आहे! आमच्या मते साऱ्या विषयाची किल्ली या एका प्रसंगात आहे.

सीनाय पर्वतावरील करार याहून निराळा. तेथे आज्ञा आहेत, अटी आहेत, लोकांनी दिलेला होकार आहे. मुलांच्या ओळखीच्या कराराशी त्याचे साम्य अधिक, आणि तो वारंवार मोडला गेला. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम बाबिलोनी सैन्याच्या हाती पडले. त्याच काळाचा प्रवक्ता यिर्मया दगडी पाट्यांऐवजी अंतःकरणावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराविषयी बोलतो. पुढे येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी प्याला हाती घेऊन आपल्या रक्ताने होणाऱ्या नव्या कराराचा उच्चार केला. ख्रिस्ती श्रद्धा वचनाची परिपूर्ती येथे पाहते. करार मोडला मनुष्याने. कापले गेल्याचे प्रायश्चित्त मात्र वचन देणाऱ्याने स्वतःवर घेतले. अब्राहामाच्या त्या रात्रीचा अर्थ या श्रद्धेच्या दृष्टीने तेव्हा पुरा झाला.

ग्रीक भाषांतरकारांनी ‘बरीथ’साठी ‘दियाथेके’ हा शब्द घेतला. त्याचा व्यवहारातील अर्थ मृत्युपत्र. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात या दुहेरी अर्थावर युक्तिवादच उभारला आहे, आणि तेथे मराठी भाषांतरात ‘करार’ सोडून ‘मृत्युपत्र’ शब्द योजावा लागला.

मराठीत ही कथा प्रथम विस्ताराने सांगणारे फादर स्टीफन्स यांनी निराळा मार्ग धरला. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. एकूण ओव्या १०,९६२. वचन आणि त्याची परिपूर्ती यांस त्यांनी पहिले व दुसरे पुराण म्हटले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या सासष्टीच्या श्रोत्यांस यापेक्षा सुगम योजना क्वचितच सुचली असती.

मराठीच्या कोठारात दुसरे शब्द नव्हते असे नाही. हातावर हात ठेवून दिलेली ‘भाक’ होती. ‘कौल’ होता. मराठेशाहीत ओसाड गाव पुन्हा वसावे म्हणून सरकार रयतेस कौल देई. आरंभीची वर्षे सारा हलका ठेवून तो क्रमाक्रमाने वाढवीत. भयभीत माणसाला वरून मिळालेले अभय, हा कौलाचा अर्थ अब्राहामाच्या कथेस किती जवळचा! तथापि कोकणात देवाला कौल लावतात तो प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी. तो आज उजवा, उद्या डावा. शिवाय सरकारी कौलास मुदत असे. म्हणून कौल मोहक असला तरी येथे पुरा पडत नाही. हिंदी भाषांतरकारांनी ‘वाचा’ हा शब्द स्वीकारला, पण ग्रंथाच्या दोन भागांस मात्र ‘पुराना नियम’ व ‘नया नियम’ म्हटले. नियम म्हटल्यावर वचनाचा सुगंधच उडून जातो, असे आम्हांस वाटते. गुजराती भाषांतराने मराठीप्रमाणेच ‘करार’ ठेवला.

तेव्हा या शब्दाचा धिक्कार करण्यापूर्वी त्याचे कूळ पाहिले पाहिजे. अरबीत त्याचा धातू स्थिर होणे, ठरणे या अर्थाचा आहे. फारसीच्या वाटेने तो आपल्या दप्तरांत आला. मराठीने त्यापासून ‘करारी’ हे विशेषण घडवले, आणि त्यात देवघेव उरली नाही. बोलल्या शब्दापासून न ढळणारा, एवढाच अर्थ राहिला. वर्गात आम्ही प्रथम फळ्यावर ‘करारी’ हा शब्द लिहितो, मुलांना त्यांच्या घरातील किंवा गल्लीतील करारी माणसांविषयी विचारतो, आणि मगच अब्राहामाची ती रात्र सांगावयास घेतो.