शासकीय अनुदाने, उद्याने व मृदा संधारणासाठी

सार्वजनिक उद्याने, क्रीडांगणे, वनविहाराची ठिकाणे आणि जमिनीचे जतन यांसाठी शासनाने केलेले अर्थसाहाय्य. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्हा व त्यातील शेंद्रा परिसर यांच्या आधारे या साहाय्याचा इतिहास येथे दिला आहे. जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट पठारावर वसलेला असून तेथील वार्षिक सरासरी पर्जन्य सु. ७०० मिमी. आहे. पाऊस अनिश्चित व उतारावरील मातीचा थर पातळ असल्याने बाग जगविणे काय किंवा शेतातील माती राखणे काय, दोन्ही कामे मुळात पाणी अडविण्याचीच ठरतात. अशी कामे एकदा करून संपत नाहीत; त्यांची निगा सतत राखावी लागते. त्यामुळे अनुदान किती मिळाले यापेक्षा ते कोणत्या अटीवर मिळाले, याला या इतिहासात अधिक महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले व त्यास नहर-इ-अंबरीने पाणी पुरविले. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या सुभेदारीपासून येथे मोगल धर्तीच्या बागा झाल्या. बीबी-का-मकबऱ्याभोवतीची चारबाग, खुल्दाबाद येथील बनीबेगम बाग व शहरालगतची हिमायत बाग या त्यांपैकी प्रमुख होत. मकबरे, दर्गे व त्यांच्या बागा यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून देण्याची त्या काळी रीत होती. ताजमहालासाठी तीस गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. या व्यवस्थेत बाग उभारण्याइतकाच ती राखण्याचाही विचार होता. मात्र ती सर्वांसाठी खुली असावी, अशी अपेक्षा नव्हती. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या व जुनी व्यवस्था संपुष्टात आली. पुढे मकबरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे, तर हिमायत बाग कृषी विद्यापीठाकडे आली.

मृदा संधारण : मुंबई इलाख्यात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना अधिनियमाने बांधबंदिस्तीस कायद्याचा आधार मिळाला. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९७२ च्या दुष्काळाने या कामांना मोठी चालना दिली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सु. ५० लाख मजूर होते. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते व खडी फोडणे ही त्या वेळची मुख्य कामे होती.

या अनुभवातून वि. स. पागे यांनी पुरस्कारलेली रोजगार हमी योजना राज्यभर विस्तारली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिच्यासाठी १९७५ च्या अधिनियमान्वये व्यवसाय कर बसविण्यात आला व त्याच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य शासनाने घालावी, असे ठरले. अशा रीतीने शहरातील पगारदार व व्यावसायिक यांच्या करातून खेड्यातील माती राखण्याचे काम होऊ लागले. खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम अकुशल मजुरीवर पडावी, असा दंडक होता. त्यामुळे गरजूंच्या हाती पैसा पोहोचला, हे योजनेचे मोठे यश होय. तथापि कामाचे मोजमाप मनुष्यदिवसांत होत असल्याने ते पूर्ण झाल्यावर बांध कोणी राखावा व तलावातील गाळ कोणी काढावा, हे प्रश्न मागे पडले.

पाणलोट क्षेत्र विकास : विखुरलेल्या कामांऐवजी माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग काम करण्याचे धोरण १९८३ च्या सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमाने स्वीकारले. औरंगाबाद तालुक्यातील आडगाव येथे विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने केलेले काम यासंदर्भात उल्लेखनीय आहे. १९९० च्या दशकातील इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व देखभाल निधी या अटी अनुदानाशीच जोडलेल्या होत्या. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने या कार्यक्रमातून आपली शेती पालटली. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागले असून पुढील हप्त्यांसाठी दुसऱ्या वर्षी ८० व तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असणे आवश्यक ठरविले आहे.

याउलट २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. परंतु भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२० मधील अहवालात अपेक्षित परिणाम न झाल्याची नोंद केली.

उद्याने : जायकवाडी प्रकल्पाच्या जोडीने पैठण येथे म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारण्यात आले. धरणाच्या निधीतून बाग झाली. पण पुढे देखभालीअभावी तिची रया गेली. १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य व गौताळा औट्रमघाट अभयारण्य घोषित झाली. शहरात १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्यावर सिद्धार्थ उद्यानासारख्या बागांचा भार तिच्याकडे आला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात उद्याने व क्रीडांगणे यांसाठी जमीन आरक्षित करता येते. मात्र दहा वर्षांत ती संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो व त्यानंतरच्या विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. निधीच्या अभावी नियोजित बाग अशा रीतीने कागदावरूनच नाहीशी होऊ शकते. २०१५ च्या केंद्रीय अमृत अभियानात हरित जागांसाठी निधीचा कमाल अडीच टक्के वाटा ठेवण्यात आला होता व देखभालीत रहिवाशांचा सहभाग अपेक्षित होता.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९६५ चा भूमी व जल संधारण निधी तुलनेसाठी उपयुक्त आहे. समुद्रातील तेल व वायू उत्खननाच्या उत्पन्नातून तो मुख्यतः उभा राहतो व राज्यांना निम्म्या खर्चाइतके अनुदान देतो. या पैशातून घडविलेली जागा कायम लोकांच्या मैदानी विहारासाठीच राहावी लागते. ती अन्य कामी घेतल्यास तेवढ्याच मोलाची दुसरी जागा द्यावी लागते.

शेंद्रा : जालना रस्त्यावर शहराच्या पूर्वेस असलेला हा परिसर मूळचा शेतीचा. शेंद्रा कमंगर येथील मांगीरबाबाच्या चैत्री यात्रेस दूरदूरचे लोक येतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पंचतारांकित औद्योगिक क्षेत्रानंतर दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेअंतर्गत शेंद्रा व बिडकीन मिळून सु. ४,००० हे. क्षेत्रावर ‘ऑरिक’ नगराची आखणी झाली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी त्याच्या शेंद्रा येथील मुख्य इमारतीचे उद्‌घाटन झाले. या प्रकल्पात राज्याचा वाटा जमिनीच्या व केंद्राचा वाटा रोख भांडवलाच्या रूपाने आहे. रस्ते व जलवाहिन्यांप्रमाणे हिरवळ व मोकळ्या जागाही येथे मूलभूत सुविधांत गणल्या असून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय आहे.

कोरडवाहू शेतातील माती राखण्यासाठी झटणारा आणि त्याच शेतजमिनीवर कारखान्यांसह उद्यानांची आखणी करणारा, असे सार्वजनिक पैशाचे दोन्ही प्रवाह या तालुक्यात एकत्र आलेले दिसतात. भूखंडधारकांच्या शुल्कातून नव्या बागांना पाण्याची व निगेची शाश्वती मिळू शकेल. परंतु ज्यांच्या जमिनीवर त्या उभ्या राहिल्या त्या गावकऱ्यांना त्या कितपत खुल्या राहतात, यावर त्यांचे सार्वजनिकत्व अवलंबून आहे.