नगरशाळा आणि संगणकाची आज्ञावली : ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील चार दशकांचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

शाळेत संगणक केव्हा आला, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः यंत्रांची संख्या मोजून दिले जाते. किती शाळांना संच मिळाले, किती खोल्यांत वीज आली, किती शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, एवढे सांगितले की इतिहास पुरा झाला असे मानण्याची प्रथा आहे. परंतु यंत्र आल्यावर मुलाचा त्याच्याशी कोणत्या प्रकारचा संबंध जुळला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. संगणकापुढे बसलेले मूल तीन प्रकारचे असू शकते. पडद्यावरचे पाहणारे, ठरावीक मजकूर टंकित करणारे आणि यंत्राला स्वतःची आज्ञा देणारे. यांपैकी तिसरा प्रकार म्हणजेच आज्ञावलीचे शिक्षण होय. काम लहान लहान पायऱ्यांत फोडणे, त्या पायऱ्या क्रमाने मांडणे आणि फळ अपेक्षेप्रमाणे न मिळाल्यास चूक कोठे झाली ती शोधून काढणे, एवढी तिची सामग्री आहे.

ठाणे व कल्याण-डोंबिवली या नगरांतील महापालिकेच्या शाळांत, विशेषतः सहावी ते आठवी या इयत्तांत शिकणाऱ्या श्रमिकांच्या मुलांच्या दृष्टीने या तिसऱ्या प्रकाराचा इतिहास तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नगरे आणि त्यांच्या शाळा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी हा लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. या मार्गाच्या आधारे पुढील शतकात दोन भिन्न प्रकारच्या वसाहती वाढल्या. एक, रोज मुंबईस जाणाऱ्या नोकरदारांची. तिचे ठळक उदाहरण डोंबिवली. दुसरी, कारखान्यांच्या आश्रयाने वसलेली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर ठाण्यातील वागळे इस्टेट व पुढे डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांच्या भोवती कामगारांच्या चाळी व झोपडवस्त्या दाटल्या. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी व कल्याण महानगरपालिका (आजची कल्याण-डोंबिवली) १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे अनिवार्य कर्तव्य असल्याने या वस्त्यांतील मुलांच्या शाळाही तिच्याच हाती आल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणाची सीमा दीर्घकाळ सातवी इयत्ता ही राहिली. एके काळी सातवीअखेरची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा म्हणजे सामान्य घरातील मुलाच्या शिक्षणाची परिसमाप्ती होती. परीक्षा गेली, पण रेषा राहिली. नगरशाळेतील पुष्कळशा मुलांना सातवीनंतर दुसरी शाळा शोधावी लागे. २०१० साली अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण एक मानले. तथापि इमारती, शिक्षक व अनुदाने जुन्याच रेषेवर विभागलेली होती. संगणक-शिक्षणाच्या इतिहासात ही रेषा निर्णायक ठरली.

३. पहिले यंत्र : आज्ञेची वाट पाहणारे

या दोन महापालिका बाल्यावस्थेत असतानाच, १९८४-८५ मध्ये, केंद्र शासनाने ‘क्लास’ या नावाने ओळखली जाणारी शालेय संगणक-साक्षरता योजना प्रायोगिक रीतीने सुरू केली. आरंभी देशातील २४८ शाळा निवडण्यात आल्या. १९९२-९३ पर्यंत ही संख्या २,५९८ झाली. योजनेत वापरलेले यंत्र ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ हे होते. त्याचे वैशिष्ट्य असे की, कळ दाबताच पडद्यावर चित्रे वा कार्यक्रमांची यादी येत नसे. येई ते बेसिक भाषेतील आज्ञेसाठी मोकळे सोडलेले स्थान. काहीतरी आज्ञा दिल्याविना हे यंत्र काहीच करीत नसे. म्हणजे भारतीय शाळांत आलेला पहिला संगणक स्वभावतःच तिसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याची अपेक्षा करणारा होता.

परंतु योजनेचा रोख मुख्यतः परिचय व साक्षरता यांवर होता, आणि तिचे क्षेत्र उच्च माध्यमिक वर्गांचे होते. सातवीच्या सीमेअलीकडील नगरशाळा तिच्या कक्षेत येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या यंत्राशी बारा वर्षांच्या मुलाची मैत्री सहज जुळली असती, ते सोळा वर्षांच्या निवडक विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले.

४. नोकरीचा शत्रू आणि नोकरीची किल्ली

याच सुमारास या नगरांच्या दुसऱ्या वर्गात संगणकाविषयी वेगळाच इतिहास घडत होता. डोंबिवली-ठाण्याच्या मध्यमवर्गात बँका, विमा व सरकारी कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांचा भरणा मोठा. या क्षेत्रांतील कामगार संघटनांनी यांत्रिकीकरणास प्रदीर्घ विरोध केला होता. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक-व्यवस्थापने व कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला आणि विरोधाची धार बोथट होत गेली. पुढील दशकात चित्र पालटले. वडिलांनी ज्या यंत्राकडे नोकरीचा शत्रू म्हणून पाहिले, ते मुलाच्या नोकरीची किल्ली ठरले. रेल्वे स्थानकांच्या आसपास संगणकाचे खाजगी वर्ग उघडले. तेथे शुल्क भरून बेसिक, कोबोल, पुढे सी या भाषा शिकविल्या जाऊ लागल्या.

आज्ञावलीचे शिक्षण या नगरांत अशा रीतीने प्रथम आले ते विक्रीची वस्तू म्हणून. ज्याला शुल्क परवडले आणि ज्याला इंग्रजी वाचता आले, त्याला ते मिळाले. वागळे इस्टेटमधील कामगाराचे किंवा कल्याणच्या हमालाचे मूल या दोन्ही कसोट्यांवर बाहेर राहिले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एम्‌एस्‌-सीआयटी हा अभ्यासक्रम मराठीतूनही उपलब्ध करून भाषेची कसोटी पुष्कळ सैल केली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. मात्र त्याचा विषय कचेरीत उपयोगी पडणारी तयार साधने वापरणे हा होता. आज्ञा देणाऱ्याऐवजी टंकन करणारा विद्यार्थी तेथे घडला.

५. पडद्यापुढील मूल

नगरशाळेच्या वरच्या प्राथमिक वर्गांत संगणक खऱ्या अर्थाने आला तो सर्व शिक्षा अभियानाच्या काळात. २००१ पासून राबविल्या गेलेल्या या अभियानात नवोपक्रमांसाठी जिल्ह्याला वर्षाकाठी ५० लाख रुपयांपर्यंत निधीची तरतूद होती व तीतून संगणक-साहाय्यित अध्ययनाचे संच शाळांना मिळत. पाठ्यपुस्तकातील धडे चलच्चित्रांच्या रूपाने दाखविणे हे त्यांचे प्रमुख कार्य. दुसरीकडे, डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली शालेय माहिती-तंत्रज्ञान योजना माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी होती. संगणक-कक्ष, स्वतंत्र तासिका व शिक्षक यांचा विचार तिच्यात होता.

या दोन योजना शेजारी ठेवून पाहिल्या असता सातवीच्या रेषेचा परिणाम स्पष्ट होतो. रेषेच्या वर संगणक हा विषय होता. रेषेच्या खाली तो पडदा होता. सहावी-सातवीतील मुलाने पडद्यावर हलणारे चित्र पाहिले, पण ते चित्र आपल्या आज्ञेने हलविता येते, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. सातवीनंतर शाळा बदलताना जे मूल गळाले, त्याच्या शिक्षणात तर ही गोष्ट कधीच आली नाही.

६. कासव आणि त्रिकोण

बारा वर्षांच्या मुलाला आज्ञावली शिकविता येते काय, ही शंका घेण्यास मुळात जागा नव्हती. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे वॅली फॉयर्झाइग, सिमोर पेपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही भाषा मुलांसाठीच रचली. तीत पडद्यावरील ‘कासवा’ला पुढे जा, उजवीकडे वळ अशा आज्ञा देऊन आकृती काढावयाची असते. चौरसासाठी पुढे जाणे व ९० अंशांतून वळणे ही जोडी चार वेळा योजावी लागते. समभुज त्रिकोण काढताना मात्र बहुतेक मुले ६० अंशांची आज्ञा देतात, आणि कासव भलतीकडेच जाते. त्रिकोणाचा आतील कोन ६० अंशांचा असला तरी चालणाऱ्याला वळावे लागते ते बाहेरील कोनातून, म्हणजे १२० अंशांतून. ही चूक कोणी लाल शाईने खोडीत नाही. आकृतीच ती दाखविते आणि मूल ती स्वतः दुरुस्त करते. भूमितीचा जो भाग पाठांतराने डोक्यात शिरत नाही, तो येथे चालून पाहून समजतो.

यासाठी प्रत्येकी एक यंत्र हवेच, असेही नाही. शाळेच्या पटांगणावर खडूने रेषा आखून एका मुलाने कासव व्हावे, दुसऱ्याने आज्ञा द्याव्या, एवढ्यानेही आरंभ होतो. न्यूझीलंडमधील टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यंत्राविना संगणनशास्त्र शिकविण्याची पद्धतच सिद्ध केली. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरातील मुलीला क्रम, पुनरावृत्ती व सममिती या कल्पना परक्या नसतात. त्यांना नाव मिळणे एवढेच बाकी असते.

७. महाराष्ट्रातील प्रयत्न

या विचाराचे पडसाद महाराष्ट्रात उमटले, पण उशिरा. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील लहानशा शाळेत ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या जागतिक उपक्रमाचे संच पोचले; मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील मंडळींनी त्यात लक्ष घातले. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटी संस्थेने ‘स्क्रॅच’ ही ठोकळे जुळवून आज्ञावली रचण्याची भाषा प्रसिद्ध केली. पवईच्या आयआयटीत श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या ‘कम्प्यूटर मस्ती’ या पाठ्यपुस्तकमालेत तिला स्थान मिळाले. २०१६ साली एसीएम इंडियाच्या प्रेरणेने ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू होऊन संगणकीय विचारपद्धतीचे साहित्य मराठीसह अन्य भारतीय भाषांत येऊ लागले. पुण्यातील पाय जॅम फाउंडेशनने शासकीय शाळांत ‘रास्पबेरी पाय’ हे स्वस्त संगणक नेले. या यंत्राच्या ‘अ’ व ‘ब’ या प्रतिरूपांची नावे बीबीसी मायक्रोच्या आठवणीने ठेवलेली आहेत, हा योगायोग बोलका आहे. १९८४ साली सुटलेला धागा तीन दशकांनी पुन्हा हाती आला.

ठाण्यापुरते पाहता, जून २०१६ मध्ये तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली महानगरपालिकेच्या सहकार्याने समर्थ भारत व्यासपीठाने उघडलेल्या ‘सिग्नल शाळे’ची नोंद घेणे प्राप्त आहे. दुष्काळी मुलखातून आलेल्या व चौकात वस्तू विकून पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी मालवाहू पेट्यांच्या खोल्यांत ही शाळा भरली, आणि तेथे पुढे यंत्रमानव जुळविण्याचे शिक्षणही सुरू झाले. दारिद्र्यामुळे मुलाची बुद्धी या विषयास अपुरी पडते, या समजुतीला ठाण्याच्या एका चौकानेच असे उत्तर दिले.

८. निष्कर्ष

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा एक सलग टप्पा मानला व त्यात आज्ञावली-लेखनाच्या कृती सुचविल्या. त्याच वर्षी मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि घरी यंत्र असणे व नसणे यांतील अंतर उघडे पडले. पुष्कळ घरांत एकच भ्रमणध्वनी होता, आणि तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात असे. या काळातही संगणकाचे साधन मुलाकडे बहुतांशी पडदा म्हणूनच आले, हे विसरता येत नाही.

वरील आढाव्यावरून असे दिसते की, या नगरांत आज्ञावलीच्या शिक्षणात नगरशाळेचे मूल मागे राहिले, त्याचे पहिले कारण यंत्रांचा तुटवडा हे नव्हे. पहिले कारण प्रशासनाची सातवीची रेषा; दुसरे, आज्ञेची भाषा इंग्रजी असणे; आणि तिसरे, श्रमिकाच्या मुलाने यंत्र वापरावे, पण ते चालवावे कसे हे दुसऱ्याने ठरवावे, ही न बोललेली धारणा. पहिली रेषा धोरणाने पुसली जाऊ शकते. दुसरा अडथळा मराठी साहित्याने कमी होत आहे. तिसरा मात्र ज्या वर्गात एखादा शिक्षक मुलाला कासव भलतीकडे गेल्यावर उत्तर न सांगता “पुन्हा चालून पाहा” असे म्हणतो, त्या वर्गातच दूर होऊ शकतो. असे वर्ग नगरशाळांत किती उघडतात, यावरच या इतिहासाचे पुढील प्रकरण अवलंबून राहील.