मका : वाढ व विकासाची आनुवंशिकी

मका हे तृणकुलातील वर्षायू पीक असून त्याचे शास्त्रीय नाव झिया मेज असे आहे. पेरणीनंतर दोनेक महिन्यांत ते माणसाच्या डोक्यावर जाते, शेंड्याला तुरा काढते आणि मधल्या एखाद्या पेराशी कणीस धरते. हे कोठे, केव्हा आणि किती व्हायचे ते ठरवणाऱ्या जनुकांचा परिचय या नोंदीत दिला आहे. मक्याच्या बांध्यातले मोठे फरक बहुधा नवी जनुके आल्यामुळे पडलेले नाहीत. असलेलीच जनुके वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी किंवा कमीजास्त प्रमाणात चालू झाल्यामुळे ते पडले.

आनुवंशिकीच्या अभ्यासाला मक्याइतके सोयीचे पीक क्वचितच सापडेल. नर फुले तुऱ्यात आणि मादी फुले कणसात असल्याने दोन्हींवर कागदी पिशव्या चढवल्या की हवा तो संकर हाताने करता येतो. कणसावरचा प्रत्येक दाणा हे स्वतंत्र अपत्य असते. दाण्यांचा रंग किंवा सुरकुत्या पाहून अख्ख्या पिढीची मोजदाद टेबलावर होते, पेरायचीही गरज पडत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रॉलिन्स इमर्सन यांनी १९२०च्या दशकात या कामाची घडी बसवली. तेथेच बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या गुणसूत्रांच्या दहा जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखल्या. पुढे दाण्यांवरच्या ठिपक्यांचा माग काढताना जागा बदलणारी, म्हणजे उड्या मारणारी जनुके त्यांना सापडली. हा शोध १९४०च्या दशकाच्या अखेरचा, नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ साली. या उड्यांचा संबंध पुढे वारंवार येणार आहे.

मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे. नैर्ऋत्य मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी त्यापासून मका घडला. दोघांना शेजारी उभे केले तर नाते पटत नाही. टिओसिंटे झुडपासारखे फुटवे धरते. त्याचे कणीस बोटाएवढे, त्यात पाच ते बारा दाणे आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. म्हणूनच मक्याचा खरा पूर्वज नामशेष झाला असावा, असे पॉल मँगल्सडॉर्फ यांच्यासारखे जाणकार सांगत. इमर्सन यांचे विद्यार्थी जॉर्ज बीडल यांनी १९३९ साली त्याविरुद्ध मत मांडले : पूर्वज टिओसिंटेच, आणि फरक मोजक्या जनुकांचा. निवृत्तीनंतर ते या प्रश्नाकडे परतले. मका आणि टिओसिंटे यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीची सुमारे ५०,००० झाडे वाढवून त्यांनी तपासली. साधारण पाचशे झाडांत एक निव्वळ मक्यासारखे आणि एक निव्वळ टिओसिंटेसारखे निघाले. चार जनुकांचा फरक असता तर हे प्रमाण २५६त एक आले असते, पाचांचा असता तर १,०२४त एक. उत्तर दोहोंच्या मध्ये पडले. नोबेल मिळवून बसलेल्या माणसाने उतारवयात शेतात उतरून केलेला हा हिशेब पुढच्या संशोधनाने मुख्यतः खरा ठरवला.

त्या मोजक्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जनुक टिओसिंटे ब्रँच्ड-१. पानांच्या बगलेत उसाच्या डोळ्यासारखे कोंब असतात. हे जनुक त्यांना दाबून धरते आणि झाडाचे बळ एका खोडात व एकदोन कणसांत जाते. ते बिघडले की मका पुन्हा टिओसिंटेसारखा फुटवे टाकू लागतो. जॉन डोब्ली यांच्या गटाने १९९७ साली दाखवले, की मक्यात हे जनुक टिओसिंटेपेक्षा सुमारे दुप्पट काम करते. त्याचे कारण २०११ साली सापडले. जनुकापासून सुमारे ६०,००० डीएनए-अक्षरे अलीकडे हॉपस्कॉच नावाचा एक उडी मारणारा तुकडा येऊन बसला आहे. तो शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून काही रानटी झाडांत होता. शेतकऱ्यांनी फक्त ती झाडे निवडली. जनुक तेच, फक्त चालण्याचे प्रमाण वेगळे, या नियमाला अपवाद दगडी कवचाचा. टिओसिंटे ग्लूम आर्किटेक्चर-१ या जनुकात मात्र प्रथिनातले एकच ॲमिनो आम्ल बदलले आणि दाणा उघडा पडला.

बाजारातून आणलेले कोणतेही कणीस सोलावे, मधोमध मोडावे आणि दाण्यांच्या ओळी मोजाव्यात. १२, १४, १६ असा समच आकडा येतो. कणसाच्या कोवळ्या गाभ्यावर जे उंचवटे उठतात त्यांतला प्रत्येक दोन कणिशकांत विभागतो आणि प्रत्येक कणिशकाचा एकच दाणा होतो, म्हणून ओळी जोडीनेच येतात. रामोसा गटातील जनुके या उंचवट्यांना दोनावर थांबवतात. ती बिघडली की कणसालाच फांद्या फुटतात. गाभ्याचा घेर दुसरी जनुके राखतात. त्यांपैकी फॅशिएटेड इअर-२ निकामी झाले तर टोकाची वाढ आवरत नाही आणि कणीस पंख्यासारखे चपटे होते. त्याच जनुकाचे किंचित कमजोर रूप असले, तर ओळी वाढतात आणि कणीस बिघडत नाही, असे २०१३ साली दिसून आले.

झाडाच्या शेंड्यात सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा पुंजका असतो, त्याला विभाजी ऊतक म्हणतात. पान, पेर, तुरा सगळे तेथूनच येते. या पेशींना ‘अजून काहीही होऊ नका’ असे सांगणारे जनुक नॉटेड-१. पान फुटायच्या जागी ते बंद व्हावे लागते. काही झाडांत ते पानांच्या शिरांत चालूच राहते आणि पानावर गाठी उठतात. हा विकार १९४१पासून नोंदलेला होता. सारा हेक यांच्या गटाने १९८९ साली ते जनुक वेगळे काढले, तेही जनुकात उडी मारून बसलेल्या तुकड्याचा धागा पकडून. प्राण्यांत शरीराची मांडणी ठरवणारी जी होमिओबॉक्स जनुके असतात, त्या जातीचे वनस्पतींत सापडलेले हे पहिले जनुक.

येथे नावांविषयी सांगायला हवे, कारण वाचक हमखास गोंधळतो. मक्याच्या जनुकाला बहुतेक वेळा त्याच्या बिघाडावरून नाव पडते. म्हणून ‘ड्वार्फ’ म्हणजे खुजे हे नाव ज्यांना आहे, त्यांतल्या कित्येक जनुकांचे निरोगी झाडातले काम उंची वाढवण्याचे असते. ड्वार्फ-१, ३, ५ ही जिबरेलीन हे संप्रेरक तयार करण्याच्या साखळीतील जनुके. कॅलिफोर्नियात बर्नार्ड फिनी यांनी १९५६ साली अशा खुज्या रोपांना जिबरेलीन दिले आणि ती सरळ नेहमीच्या उंचीला गेली. ड्वार्फ-८ची गोष्ट निराळी. त्या झाडात जिबरेलीन असते, पण झाड त्याला दाद देत नाही. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हाची जनुके याचीच भावंडे आहेत, हे १९९९ साली कळले. ब्रॅकिटिक-२ हे जनुक ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून खाली वाहून नेते. ते नसले की खालची पेरे आखूड राहतात. ज्वारीला बुटकी करणारे ड्वार्फ-३ हे जनुक म्हणजे ज्वारीतले हेच जनुक.

पावसाळ्यात मक्याच्या शेतात हिंडताना एखाद्या फुटव्याच्या तुऱ्यात चक्क दाणे भरलेले दिसतात. तो रोग नव्हे. मक्याचे प्रत्येक फूल सुरुवातीला उभयलिंगी असते. तुऱ्यात स्त्रीकेसर मरतो, कणसात पुंकेसरांची वाढ थांबते आणि मग नर-मादी वेगळे होतात. फुटव्यात हा निवाडा कधी अर्धवट राहतो. टॅसलसीड-१ आणि २ ही जनुके बिघडलेल्या झाडांत तर सबंध तुऱ्यालाच दाणे धरतात. टॅसलसीड-१ जॅस्मोनिक आम्ल तयार करण्याच्या कामी येते. ते आम्ल बाहेरून दिले की तुऱ्यात पुन्हा पुंकेसर येतात. उलट बाजूला जिबरेलीन. त्याच्या अभावाने खुज्या राहिलेल्या झाडांच्या कणसात पुंकेसर निघतात. म्हणजे उंची आणि लिंग यांचा निकाल एकाच संप्रेरकापाशी लागतो.

फुलोऱ्याचा काळ मात्र एकदोन जनुकांच्या हाती नाही. टिओसिंटे रात्री लांबल्याखेरीज फुलत नाही. तशी अट राहिली असती तर उत्तरेकडच्या लांब दिवसांच्या प्रदेशात मका थंडीपूर्वी पिकलाच नसता. सीसीटी या जनुकाच्या तोंडाशी पुन्हा एक उडी मारणारा तुकडा बसला आणि ही अट सैल झाली, असे २०१३ साली दाखवले गेले. पण त्याआधी, २००९ साली, सुमारे ५,००० वाणांची तपासणी झाली होती. तीत आढळले, की फुलोरा पुढेमागे करणारी जनुके डझनांनी आहेत आणि बहुतेकांचा वाटा एका दिवसाचाही नाही. पैदासकारांच्या रोजच्या कामाला नॉटेडसारख्या नाट्यमय जनुकांपेक्षा ही किरकोळ जनुकेच जास्त लागतात.

बी-७३ या अमेरिकी अंतःप्रजनित वाणाचा संपूर्ण जनुकसंच २००९ साली वाचून झाला : सुमारे २३० कोटी अक्षरे, अंदाजे ३२,००० जनुके आणि जवळजवळ ८५ टक्के भाग उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा. अशा अंतःप्रजननाने खुरटलेल्या दोन वाणांच्या संकरातून जोमदार पीक येते, हे जॉर्ज शल यांनी १९०८ साली मांडले होते. भारतात मक्याचा समन्वित संशोधन प्रकल्प १९५७मध्ये सुरू झाला आणि १९६१ साली पहिले संकरित वाण आले. संकरिताचे दाणे पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत जनुकांच्या जोड्या फुटतात आणि पीक उंचसखल येते. बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते ते यामुळे.

या नोंदीतील बिघडलेल्या झाडांचे बी अमेरिकेत इलिनॉय राज्यातील अर्बाना येथे मका आनुवंशिकी साठा केंद्रात जपून ठेवले जाते आणि मागणी केल्यास संशोधकांना पाकिटातून विनामूल्य पाठवले जाते.