परसातले माळवे

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहून द्या म्हणून सांगितले. नोंदणी, पहिली व्यवस्थापक समिती, रस्ते, लाईट हे सगळे इतिवृत्तात आहेच. मी आपल्या घरांमागच्या माळव्याचा इतिहास लिहितो आहे, कारण तो कुठल्याच रजिस्टरला नाही आणि ज्यांना माहीत आहे ती माणसे पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, मी धरून.

या भागाला माळवे नवे नाही. शेजारचे तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. त्या तगरच्या चुलीवर मात्र ना मिरची होती, ना टोमॅटो, ना बटाटा. ही पाहुणे मंडळी अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतरची. वांगे, दोडका, शेवगा आपले. पुढे तेरला गोरोबाकाका झाले आणि त्याच काळात तिकडे माढा तालुक्यात अरणला सावता माळी. सावतोबांना तर मळ्यातच विठ्ठल भेटला, पंढरीला जायची गरज पडली नाही.

आमच्या लहानपणी प्रत्येक घरामागे परडे असायचे. न्हाणीच्या पाण्यावर आळू, कुडावर दोडका, कोपऱ्यात शेवगा. पाणी विकत घ्यायचे असते हे कुणाला माहीत नव्हते. 1972 ला तेही वाळले. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि तरवट्याची भाजी, एवढेच त्या वर्षीचे माळवे मला आठवते.

सोसायटीत राहायला आलो तेव्हा बहुतेक जण निवृत्तीला टेकलेले. कुणी शिक्षक, कुणी साखर कारखान्यातले, आम्ही दोघे-तिघे बँकेतले. घर बांधून मागे राहिलेली जागा दहा बाय वीस फूट. पण जो तो मेथी, चुका, गवार लावायला लागला. संध्याकाळी भिंतीवरून वाटीभर भाजी इकडून तिकडे जायची. गुडघे दुखत होते, पण खुरपे हातात घेतले की कुणी तक्रार करत नसे. श्री. अ. दाभोलकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने दहा गुंठ्यांत कुटुंब जगवण्याचे गणित मांडले होते. आम्ही तर अर्ध्या गुंठ्याचेही धनी नव्हतो!

मग आला 2016 चा उन्हाळा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आपल्या कुर्डुवाडी-लातूर मार्गाने लातूरला गेली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर. आपला बोअर तेव्हा फसफस करून हवा फेकत होता. मी सचिव. बँकेची सवय, नोटीस काढली: टँकरचे पाणी झाडांना घालताना आढळल्यास 500 रुपये दंड.

सगळ्यांची परसे वाळली. हिरवे राहिले ते फक्त तिसऱ्या ओळीतल्या मावशींचे. कुजबुज सुरू झाली. मी कुणाला न विचारता नोटिशीखाली त्यांचा घर क्रमांक लिहिला. चार दिवसांनी सही घ्यायला गेलो तर वेल उपटून टाकलेले. आळ्यांच्या मधोमध मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरलेली, तोंडावर फरशीचे तुकडे.

“भाऊ, डाळ-तांदूळ धुतल्यालं पाणी गाळून घालत हुते. टँकरचं टिपूस न्हाई. पण लोकं बोलायलेत, मग कशाला ठिवू?”

मडक्यातून पाणी झिरपत थेट मुळांना जाते, वरची माती कोरडी राहते, ऊन फारसे पाणी पीत नाही. तीन दिवसांआड मडके भरले की झाले. ही युक्ती त्यांच्या आईची. मला शरमल्यासारखे झाले, पण मी तिथे काही बोललो नाही. दंडाची पावती तेवढी फाडली नाही.

त्याच दुष्काळाच्या वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या बायका घरच्यांकडून एक एकर मागून घेऊन कमी पाण्यावर भाजीपाला आणि डाळी पिकवत होत्या. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर इकडे उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे हे काम. 2017 ला तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पेपरात ते वाचले आणि मला ती उपटलेली वेलं दिसली.

पाऊस पडल्यावर मावशींनी राखेत ठेवलेले दोडक्याचे बी पुडीत बांधून घरोघरी दिले. आमच्याकडेही आणून दिले. त्या आता मुलाकडे पुण्याला असतात. इतिवृत्तात मी दिलगिरी लिहिली नाही, ती इथे लिहितो.

आज मोजून नऊ घरांमागे माळवे उरले आहे. बाकी ठिकाणी फरशी आणि मोटारसायकली. येत्या वार्षिक सभेत मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विषय आहे. त्या दिवशी माझे डोळ्याचे ऑपरेशन आहे, म्हणून माझे मत विरोधात आहे हे सचिवांनी यावरूनच नोंदवून घ्यावे. दोडक्याचे बी कुणाला हवे असेल तर संध्याकाळी पाचनंतर यावे.